टिंबांचं वर्तुळ : एका परिषदेच्या दृश्य ओळखीचं प्रकरण

पुण्यात भरणाऱ्या एका दोन दिवसांच्या परिषदेची दृश्य ओळख, म्हणजे लोगो, रंग, फाँट, पाट्या, घडवायचं काम माझ्याकडे आलं. विषय होता डिजिटल संस्कृती. मराठी विकिपीडियावर वर्षानुवर्षं लिहिणारे, जुनी मासिकं स्कॅन करून जपणारे, पॉडकास्टवाले, मीम करणारी कॉलेजची मुलं, कॉपीराइटवर बोलणारे वकील अशी साधारण तीनशे माणसं दोन दिवस एकत्र येणार होती. हातात नऊ आठवडे होते. आयोजक मनापासून करणारे, पैसे बेताचे. परिषदेचं नाव इथे मुद्दाम देत नाही. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या काही माझ्या आहेत, काही इतरांच्या, आणि त्या समजून घ्यायला नावांची गरज नाही.

पहिल्या बैठकीत मागणी आली ती अशी : "लोगो मॉडर्न पाहिजे, टेक्निकल वाटला पाहिजे, आणि मराठीही वाटला पाहिजे." या तीन गोष्टी एका दमात मागितल्या की हात आपोआप ठरलेल्या जागी जातात. टेक्निकल म्हणून सर्किटच्या रेषा आणि पिक्सेल, मराठी म्हणून फेटा, नथ नाहीतर मोडीचं एखादं वळण. मीही पहिले दोन आठवडे तेच केलं. शिरोरेषेची वायर केली, वायरच्या टोकाला प्लग लावला. दिसायला बरं होतं. पण शिरोरेषा ताणून काहीतरी करायचं हे देवनागरीच्या कामात इतक्या वेळा झालंय, की पाहणाऱ्याला नवीन काही कळत नाही. दुसरं म्हणजे त्या चित्रात आमच्या परिषदेचा विषय कुठेच नव्हता. मराठी माणूस कॉम्प्युटरवर आणि फोनवर मराठीत जगतो म्हणजे नेमकं काय होतं, ते दाखवायचं होतं.

चिन्ह सापडलं ते आयोजकांच्या ईमेलमध्ये. कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा होता, आणि एका सत्राचं नाव माझ्या स्क्रीनवर असं उमटलं होतं : "अ◌ॅनिमेशन आणि लोककथा". अ, मग टिंबांचं एक फिकट वर्तुळ, त्याच्या डोक्यावर चंद्र. हे वर्तुळ मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. बातम्यांच्या संकेतस्थळांवर, सरकारी पीडीएफमध्ये, बँकेच्या मेसेजमध्ये. आपण ते पाहतो, मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे वाचतो. त्या दिवशी मी ते मोठं करून पाहत बसले.

ते येतं कसं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत, पण ती एकटी उभी राहू शकत नाहीत. त्यांना आधाराला अक्षर लागतं. अक्षर न देता नुसती वेलांटी टाइप केली, तर मजकूर जुळवणारी यंत्रणा तिला बसायला एक रिकामी जागा करून देते, ती म्हणजे हे टिंबांचं वर्तुळ. ॲ ची गोष्ट आणखी मराठी आहे. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण मराठीला लागणारा ॲ हा स्वतंत्र स्वर त्यात आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत होते, आणि अजूनही कितीतरी जण तसंच लिहितात. आता नियमाप्रमाणे ती जोडी चुकीची धरली जाते, म्हणून मध्ये वर्तुळ येतं. 'ॲप', 'ॲडमिशन', 'ॲम्ब्युलन्स' असे रोजचे शब्द मराठीत असे मधूनच फाटलेले दिसतात ते यामुळे.

या वर्तुळाला मी आजवर चूक समजत होते. त्या दिवशी मला ते वेगळं दिसलं. कुणीतरी जागा धरून ठेवली आहे : इथे अक्षर यायचंय. मराठीची ऑनलाइन अवस्था याहून नेमकी मला कशातच दिसली नव्हती. मात्रा आपल्याकडे आहे, सूर आहे, म्हणायचंही खूप आहे, आणि अक्षराची जागा अजून भरायची आहे. हेच चिन्ह, असं मी त्याच रात्री ठरवलं.

चार खुणा, चार दिशा

परिषदेत चार धागे होते : भाषा आणि टंक (फाँट), संग्रह, खेळ आणि मीम, हक्क आणि पैसा. वर्तुळ एकच ठेवून प्रत्येक धाग्याला एक खूण द्यायची असं ठरलं : काना, पहिली वेलांटी, उकार आणि मात्रा. कागदावर मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी आपण पहिलीत शिकतो आणि विसरतो. काना अक्षराच्या उजवीकडे बसतो, पहिली वेलांटी डावीकडे, उकार खाली आणि मात्रा वर. जागा पाहायला गेलो तर तिथे सभागृहं होती चार : जिन्यापाशी उभं राहिलं की एक उजव्या हाताला, एक डावीकडे, एक तळघरात, एक वरच्या मजल्यावर. मी जिन्यापाशी उभी राहून सोबतच्या स्वयंसेवकाला म्हटलं, "बाण लागणारच नाहीत." खुणाच दिशा दाखवणार होत्या. अशी जुळणी फार क्वचित मिळते. त्या जागेने मला ती आयती दिली, त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

वर्तुळाची टिंबं बारा घेतली, बाराखडीची बारा. फाँटमधलं तयार वर्तुळ वापरलं नाही. प्रत्येक फाँटात ते वेगळं असतं, बहुतेक ठिकाणी बारीक आणि केविलवाणं, कारण कुणाला ते दिसावं अशी कुणाची इच्छाच नसते. आमचं वर्तुळ शिरोरेषेच्या खालपासून कान्याच्या तळापर्यंत पूर्ण अक्षराच्या उंचीचं काढलं. ब्राउझरमध्ये टॅबवर दिसणारं सोळा पिक्सेलचं चिन्ह केलं तेव्हा बारा टिंबं एकमेकांत मिसळून नुसता डाग झाला. त्या आकारापुरती टिंबं आठ केली. हिशोब साधा आहे : तेरा पिक्सेल व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे एकेचाळीस, बाराने भागला तर एका टिंबाला मोकळ्या जागेसकट साडेतीन पिक्सेलही येत नाहीत.

समितीतल्या एका तरुणाने सुचवलं, की प्रत्येक प्रतिनिधीला त्याचं स्वतःचं वेगळं चिन्ह प्रोग्रॅममधून तयार करून द्यावं. त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचं उदाहरण होतं. २०११ साली, पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने, त्यांनी गणिताने चाळीस हजार वेगवेगळी चिन्हं निघतील अशी रचना करून घेतली होती, पंचवीस वर्षं पुरेल इतकी. मला ते काम मनापासून आवडतं. पण २०१४ मध्ये त्याच संस्थेने ती बदलली आणि त्याच जाळीवर प्रत्येक संशोधनगटाचं एक ठरलेलं चिन्ह घेतलं. चाळीस हजारांतलं कुठलं आपलं, हे बाहेरच्याने ओळखायचं कसं, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे तर दोनच दिवस होते. दोन दिवसांत माणसाच्या लक्षात चार गोष्टी राहतात. आम्ही चारवर थांबलो.

"हे तर आम्ही रोज दुरुस्त करतो"

सादरीकरणाला समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक होते. आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. पडद्यावर चिन्ह आलं आणि ते शांतपणे म्हणाले, "अहो, हे तर आम्ही रोज दुरुस्त करतो. लोक म्हणतील, यांचा छापताना फाँट उडालाय." खोलीतल्या तिघांनी मान डोलावली. मी तेव्हा वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. माझं वर्तुळ शिरोरेषेपासून सुटून लोंबकळत होतं, पडद्यावर येतं तसंच, म्हणून ते चूक म्हणूनच वाचलं जात होतं.

दुसरी अडचण मला घरी कळली. भाचीला फोनवर दाखवलं तर ती म्हणाली, "मावशी, लोड होतंय अजून." टिंबांचं गोल म्हणजे थांबा, नेट स्लो आहे. पडद्यावर वाढलेल्या पिढीला त्याचा दुसरा अर्थच माहीत नाही.

दोन्हींचं उत्तर एकाच रेषेत मिळालं. शिरोरेषा वर्तुळाच्या डोक्यावरून सलग नेली, जशी ती कुठल्याही व्यंजनावरून जाते, आणि सर्वांत वरचं टिंब त्या रेषेला टेकवलं. एवढ्याने वर्तुळ अक्षर झालं. ते मांडवाला टांगल्यासारखं रेषेला धरून राहिलं, आणि शेजारची वेलांटी त्याच्यावरून कमान टाकून खाली आली. आता ते लोड होणारं गोलही वाटेना. ॲनिमेशनसाठी एक नियम केला : वर्तुळ कधीही फिरायचं नाही. टिंबं जागेवर राहतील, त्यांच्या जागी एक अक्षर येऊन बसेल, मग पुन्हा टिंबं. नवीन छापील नमुना घेऊन मी प्राध्यापकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांशी नेला, बोटाने शिरोरेषा चाचपली आणि म्हणाले, "आता याला उच्चार आहे असं वाटतं." मला ते वाक्य कुठल्याही पसंतीपेक्षा मोठं वाटलं.

मजकुरासाठी 'मुक्ता' हा फाँट घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत आणि खुल्या परवान्याचा, बारीक ते जाड अशा सात वजनांत मिळणारा, आणि देवनागरी-रोमन दोन्ही एकत्र घडवलेला. खुला परवाना आमच्या परिषदेला शोभणारा होता, पण खरं कारण वेगळं होतं : नांदेडहून येणाऱ्या स्वयंसेवकाला आणि सोलापूरच्या वक्त्याला तो एका मिनिटात उतरवून घेता येणार होता. आज आपण असा विचार करू शकतो यामागे मोठं काम आहे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' आला तेव्हा कितीतरी घरांतल्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा देवनागरी अक्षर उमटलं, आणि ते सुलेखनकार र. कृ. जोशींच्या हातचं होतं. आमच्या पहिल्या सत्राच्या पाटीवर म्हणूनच मुक्ताशेजारी मंगलमध्ये एक ओळ छापली.

रंग लवकर ठरले. दौतीतल्या शाईचा निळा आणि दाट पिवळा. भगवा, हिरवा, निळाच पण झेंड्याचा, या सगळ्यांना आपल्याकडे आधीच मालक आहेत. निळ्याच्या बाबतीत एवढंच जपलं की छपाईत किरमिजी (मॅजेंटा) शाईचा अंश सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फ्लेक्सवर तो हटकून जांभळा होतो. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवलं, कारण रोमनच्या मापाने लावलेल्या साच्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर येऊन आदळतो. आणि अक्षरांमध्ये अंतर सोडायचं नाही, अजिबात नाही. स्वयंसेवकांच्या फोनवरच्या पोस्टर करायच्या ॲपमध्ये त्या अंतराची पट्टी सरकवली की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द चाळणीसारखा दिसतो. हे सगळं एका पानावर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं. पन्नास पानांची नियमावली केली असती तर ती कुणीच उघडली नसती.

फ्लेक्स

परिषदेच्या आठवडाभर आधी दरवाजावरचा फ्लेक्स आला. वीस फूट रुंद. गुंडाळी सोडली आणि मला काही क्षण कळेचना काय पाहतेय. शिरोरेषा होती, वेलांटी होती, खाली तारीख, पत्ता सगळं होतं. वर्तुळ नव्हतं. दुकानात फोन लावला. पलीकडचा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, ते गोल आलं होतं ना मध्ये, फाँट उडला की येतं तसं. मी काढून टाकलं. तुमचं काम खराब दिसायला नको."

मला त्याचा राग आला नाही. दिवसाला पन्नास वाढदिवसांचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स करणारा हा मुलगा, मराठी अक्षराची काळजी घेणारा तो शेवटचा माणूस असतो. त्याच्याकडे येणारा मजकूर कधी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत, कधी युनिकोडमध्ये, कधी फोटो काढून आलेला असतो, आणि तो प्रत्येक वेळी तो नीट करून देतो. मीच त्याला काही सांगितलं नव्हतं. समितीला सांगितलं, प्रायोजकांना सांगितलं, आणि ज्याच्या हातून चिन्ह रस्त्यावर जाणार त्याला नुसती फाइल पाठवली. त्या संध्याकाळी दुकानात जाऊन त्याच्या शेजारी बसले. चार खुणा, वर्तुळ, त्यामागचं कारण, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, नुसती वेलांटी टाइप करून वर्तुळ स्वतः आणून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे हे जागा ठेवतं होय!" दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स निघायच्या आधी त्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं : "गोल ठेवलाय ताई. मधोमध बरोबर आहे ना?"

बिल्ले

खरा फटका आदल्या रात्री बसला. बिल्ल्यांवर नाव मोठ्या अक्षरांत मराठीत, असा आमचा आग्रह होता. नोंदणीच्या फॉर्ममधून आलेली नावं एका यादीत, तिथून छोट्या प्रोग्रॅमने ब्राउझरमधूनच छपाईची पानं. यादीत लोकांनी मागेपुढे मोकळ्या जागा, नको ते अदृश्य वर्ण असं बरंच काही चिकटवलेलं होतं, म्हणून मी एक साफसफाईची ओळ लिहिली होती : न दिसणारे सगळे वर्ण काढून टाक. तीनशे बिल्ले कापून, दोऱ्या ओवून तयार झाले. रात्री दहा वाजता एक स्वयंसेविका एक बिल्ला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, हे आडनाव असं असतं का?"

बिल्ल्यावर होतं 'कर्हाडे'. र चा रफार होऊन तो 'हा'वर चढला होता. हवं होतं 'कऱ्हाडे'.

मराठीचा हा आडवा, चंद्रकोरीसारखा र हिंदीत लागत नाही. आपल्याकडे तो अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास जेवू घातलं आणि आचाऱ्यास जेवू घातलं, यांत माणूसच बदलतो. हा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त वापरून, जी युनिकोडला पसंत आहे. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक. तो जोडक दिसत नाही, जागाही घेत नाही, फक्त सांगतो की इथे रफार करू नकोस. आणि माझी साफसफाईची ओळ नेमकी तोच वेचून काढून टाकत होती. ज्यांच्या कीबोर्डने पहिली पद्धत वापरली त्यांची नावं शाबूत राहिली. बाकीच्यांची मी बिघडवली.

आम्ही जमिनीवर बसून तीनशे बिल्ले एकेक करून वाचले. बिघडलेले चौदा निघाले. त्यांत दोन वकील होते, आणि त्यांच्या नावामागच्या 'ॲड.' मध्येही लोकांनी अ आणि चंद्र यांच्यामध्ये तोच अदृश्य जोडक घालून वर्तुळ टाळलेलं होतं. मी तो काढला, आणि वर्तुळ आलं. फाँटमधलं ते बारीक, केविलवाणं वर्तुळ, आमच्या मोठ्या निळ्या वर्तुळाच्या बरोबर खाली, एका माणसाच्या नावात. मी तो बिल्ला हातात धरून बराच वेळ बसले. मोकळी जागा, आशा, येणारं अक्षर हे सगळं मी नऊ आठवडे बोलत होते. ज्याचं नाव असं फाटतं त्याला त्यात आशा दिसत नाही, आपलं नाव या यंत्रात बसत नाही एवढंच दिसतं. ही बाजू मी चिन्ह करताना पुरेशी पाहिली नव्हती.

प्रोग्रॅममध्ये ती ओळ बदलली. र, हलन्त, जोडक दिसला तर त्याचा ऱ आणि हलन्त कर; अ आणि चंद्र दिसले, मध्ये जोडक असो वा नसो, तर त्यांचा ॲ कर; आणि मगच साफसफाई. चौदा बिल्ले पुन्हा छापले. पहाटे दोनला घरी गेलो.

दोन दिवस चांगले गेले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक सभागृहांना नावाने हाक मारायला लागले होते. "तू वेलांटीत आहेस का? मी मात्रेवर जातोय." उकार तळघरात होता आणि तिथे फोनला रेंज नव्हती, म्हणून ते सभागृह नेहमी वेळेत चालू होई. तामिळनाडू आणि केरळातून आलेल्या पाहुण्यांना मात्र खुणा वाचता येत नव्हत्या. दिशा कळत होती, पण आपल्या पत्रिकेतलं सत्र कुठल्या खुणेचं ते शोधायला त्यांना वेळ लागत होता. दुपारी आम्ही प्रत्येक खुणेखाली साधे आकडे चिकटवले. ते पहिल्यापासून असायला हवे होते.

एक बिल्ला रात्रीच्या तपासणीतून सुटला होता. पंधरावा. सकाळी नोंदणीच्या टेबलावर साठीच्या एक बाई आल्या, आडनाव 'गोऱ्हे', बिल्ल्यावर 'गोर्हे'. मी माफी मागून नवा छापून देते म्हटलं. "राहू दे गं, रांग मोठी आहे," म्हणाल्या, पर्समधून पेन काढलं, रफार खोडला आणि ह च्या डाव्या अंगाला एका झटक्यात तो आडवा र काढला, शाळेत गिरवल्यासारखा वळणदार. दोन्ही दिवस तोच बिल्ला त्यांच्या गळ्यात होता.

आयोजकांना सगळ्या फाइली दिल्या, त्यांत बिल्ल्यांचा दुरुस्त प्रोग्रॅमही आहे. पुढच्या परिषदेच्या नोंदणीचा फॉर्म आता बदललाय. नाव लिहिलं की खाली एक ओळ येते, 'तुमचं नाव बिल्ल्यावर असं दिसेल', आणि तिच्याखाली तेच नाव, त्याच फाँटात, छापताना असेल तेवढंच मोठं. शेजारी एक बटण आहे : 'हे बरोबर नाही'.